अध्यक्षाच्या पुस्तकातली एक तळटीप

सर, तुम्ही वाद अर्धवट टाकून गेलात, हे मला आवडलेलं नाही. ते आधी सांगून टाकते, मग बाकीचं.

तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले. काल तुमच्या सुहासने माझ्यापुढे एक कोरी वही ठेवली. म्हणाला, "आई, बाबांचं पुस्तक आता छपाईला जाईल. शेवटी तुम्ही काहीतरी लिहा." मी म्हटलं, "माझी चौथी झालीय, जावईबापू. पुस्तकात लिहिणारी मी कोण?" तर म्हणतो, "बाबा म्हणायचे, कौसल्याबाई पास करतील तेच पुस्तकात जाईल." हे तुम्ही मुलाला सांगितलंत. मला सांगायला काय झालं होतं?

तुमचा जन्म कुठला, कॉलेजात किती वर्षं शिकवलंत, हे सुहास लिहील. मला तुमचं फक्त सकाळी दहाचं माहीत आहे.

या लहानशा परक्या देशात, फ्लॅट बुश नावाच्या उपनगरातलं हे घर मोठं. सातच्या आत माझी मनीषा आणि तुमचा सुहास आपापल्या गाड्या काढून मोटरवेला लागायचे, साडेआठला आपली नात इरा शाळेत. मग एवढ्या घरात उरायचे दोघं, मुलीची आई आणि मुलाचा बाप. आमच्याकडे व्याही आला की बाई पाणी ठेवून आत जाते. इथे मी आत गेले तर बाहेरचं कोण बघणार? त्यात लग्न जातीबाहेरचं. लग्नाच्या दिवशी तुम्ही माझ्याशी एकच वाक्य बोलला होतात, "जेवून जा हं." माझ्याच मुलीच्या लग्नात.

पहिले काही महिने तुम्ही मला 'मनीषाच्या आई' म्हणायचात आणि मी तुम्हाला काहीच म्हणत नव्हते. तुमचं देवघर वरच्या मजल्यावर, माझा बुद्ध खाली माझ्या खोलीत. चहा मी करायचे. तुम्ही प्यायचात आणि कप सिंकमध्ये ठेवून जायचात. तो विसळायचाही असतो, हे इतक्या वयापर्यंत तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

मग एक दिवस तुम्ही वही घेऊन ओट्यापाशी आलात. मी मेथी निवडत होते. "जरा ऐकता का?" मी म्हटलं, "हात रिकामे नाहीत, कान आहेत."

तुम्ही अमेरिकेच्या एका अध्यक्षावर पुस्तक लिहीत होता. नव्वद वर्षांपूर्वीचा अध्यक्ष, पोलिओने पाय गेलेला, चाकाच्या खुर्चीतला. देशात मोठी मंदी, माणसांना काम नाही, बँका एकामागून एक बुडताहेत, अशा वेळी हा निवडून आला. आल्या आल्या त्याने सगळ्या बँकांना काही दिवस कुलूप लावलं, त्यांची तपासणी केली. आणि मग रेडिओसमोर बसून लोकांना सांगितलं की बँक म्हणजे काय, तुमचा पैसा तिथे कसा असतो, आता घाबरायचं कारण का नाही. इतकं साधं बोलला की लोक गादीखाली लपवलेला पैसा परत बँकेत घेऊन गेले.

"कळलं का?" तुम्ही विचारलंत.

"कळलं की. घाबरलेल्या गिऱ्हाइकाला समजावलं त्याने."

तुमचा चेहरा उजळला. म्हणालात, "तो बोलायचा ते स्वयंपाकघरातल्या बाईलाही कळायचं. माझं पुस्तक तसं व्हायला हवं. एखादं वाक्य कळलं नाही तर मला थांबवा." तुमच्या बोलण्यात मध्येच शिरणं मला जमेना, म्हणून मी चमच्याने स्टीलची वाटी वाजवली. तोच नियम झाला. कळलं नाही, पटलं नाही, की वाटी वाजवायची.

पहिल्याच आठवड्यात 'संघराज्यात्मक' गेलं, 'हस्तक्षेपवादी' गेलं. 'प्रतिमान' या शब्दापाशी तुम्ही अडून बसलात. मी वाटी वाजवतच राहिले. इराला सुट्टी होती, ती वरून ओरडली, "आज्जी, स्टॉप इट! इट्स हीप्स अनॉइंग!" शेवटी तुम्ही शब्दावर काट मारलीत. "घ्या, काढला. चौथी पास बाईने माझा सदरा उसवला." मी म्हटलं, "उसवला नाही. ढगळ होता, आवळून दिला."

असं ऐकत ऐकत मला अमेरिका कळली. त्या माणसाच्या आधी तिथल्या गरिबाचा सरकारशी संबंध पोस्टापुरता. भूक लागली तर चर्चमध्ये जा, भावाकडे जा, सरकारकडे कशाला येतोस? याने ते बदललं. काम नाही तर सरकार धरणं बांधील, रस्ते करील, जंगलं लावील आणि त्यावर माणसं घेईल. बँक बुडाली तरी ठेवीची हमी सरकारची. कामगारांना संघटना करायचा हक्क. म्हातारपणी पेन्शन. "त्यानंतर जो कुणी अध्यक्ष आला," तुम्ही म्हणायचात, "त्याला लोकांची भूक ही आपली जबाबदारी नाही असं म्हणणं अवघड झालं." हे वाक्य मी एकदाही अडवलं नाही.

कोर्टाने त्याचे कायदे रद्द केले तेव्हा तो कोर्टातच आपले न्यायाधीश वाढवायला निघाला होता. ते पान तुम्ही भरभर वाचलंत. मी वाटी वाजवली.

"काय कळलं नाही?"

"सगळं कळलं. जरा हळू वाचा. लाडक्याची खोडी सांगताना आई असंच भरभर बोलते."

तुम्ही हसलात. दुसऱ्या दिवशी ते पान नव्याने लिहून आणलंत आणि तिथे तुमचा अध्यक्ष चुकला, असं सरळ लिहिलंत. मला बरं वाटलं होतं. सांगितलं नाही. आयुष्यात मला पुष्कळ लोकांनी "कळलं ना?" असं दटावून विचारलंय. तुम्ही खरंच विचारायचात आणि मी उत्तर देईपर्यंत पेन हवेत धरून थांबायचात.

पाचव्या प्रकरणात तुम्ही त्या सरकारी कामांवर आलात. वाचलंत, सरकारने नुसती मदत केली नाही, काम दिलं, आणि कामाबरोबर माणसाला त्याचा स्वाभिमान परत दिला. मी वाटी वाजवली. बराच वेळ.

"आता यात काय कठीण आहे, कौसल्याबाई?" तोवर मी कौसल्याबाई झाले होते.

मग मी सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळात मी चौदा वर्षांची होते. आमच्याकडेही सरकारने कामं काढली होती. तळं खोदायचं, रस्त्याची खडी फोडायची. मी आईबरोबर खडीवर बसायचे. डोळ्यांना लावायला काही नव्हतं. एक कपची उडाली आणि आईचा डावा डोळा गेला. चौथ्या दिवशी ती पुन्हा खडीवर होती, पदराने डोळा बांधून, कारण हजेरीत नाव नाही तर सुकडी नाही. सुकडी म्हणजे काय ते पुण्याच्या माणसाला सांगावं लागलं. भाजलेल्या पिठाची गोडसर भुकटी, कामावर वाटायचे. "स्वाभिमान मुकादमाला मिळाला, सर," मी म्हटलं, "आम्हाला सुकडी मिळाली."

तुम्ही पेनाला टोपण लावलंत. मग विचारलंत, "म्हणजे ती कामं निघायला नको होती?"

मी उत्तर दिलं नाही. आज देते. निघायलाच हवी होती. ती निघाली नसती तर आई, मी, धाकटी बहीण, कुणी उरलं नसतं. लोक उपाशी असतील तर सरकारने काम काढायचंच, हे कुणाच्या तरी डोक्यात आलं म्हणून मी आज इथे बसून तुमच्याशी भांडतेय. पण तेव्हा हे बोलले असते तर तुम्ही ते लगेच वहीत उतरवलं असतंत आणि आईचा डोळा राहिला असता बाजूला. म्हणून गप्प बसले. माझं बोलायचं राहिलं ते हे. आता तुमचं काय राहिलं, त्याकडे येते.

आठवं प्रकरण. म्हातारपणाच्या पेन्शनचं. तुम्हाला सगळ्यात आवडणारं. कारखान्यात राबलेला माणूस म्हातारा होतो आणि त्याला मुलापुढे हात पसरावा लागत नाही, हे वाचताना तुमचा आवाज बदलायचा. मी विचारलं, "सर, धुणंभांडी करणाऱ्या बाईला मिळायची का ही पेन्शन?" विचारायला मला कारण होतं. लग्नानंतर पुण्यात मी तीस वर्षं तेच केलं. तुमच्या घरापासून चार गल्ल्यांवर.

तुम्ही चष्मा काढलात. "नाही. सुरुवातीच्या कायद्यात घरकाम करणारे नव्हते, शेतमजूरही नव्हते."

"का?"

"त्यांत काळी माणसं फार होती. दक्षिणेतल्या खासदारांची मतं त्याला हवी होती. काही जण म्हणतात, तसं नव्हे, घरोघरच्या पगाराची नोंद ठेवणं तेव्हा जमण्यासारखं नव्हतं. त्यावर अजून वाद आहे. पुढे घेतलं त्यांना."

"पुढे म्हणजे कधी?"

"पंधराएक वर्षांनी. तेही हळूहळू."

"तोवर तुमचा अध्यक्ष होता?"

"नाही. गेला होता."

मला वाटलं, झालं, आता हे पुस्तकात येणार. दुसऱ्या दिवशी तुम्ही प्रकरण वाचलंत, तर त्यात काहीच नाही. वाटी वाजवली. "घेतलंय," तुम्ही म्हणालात, "खाली घेतलंय." आणि वही माझ्याकडे वळवलीत. वरच्या ओळीत एक फुली. पानाच्या तळाशी आडवी रेघ. रेघेखाली, मुंगीएवढ्या अक्षरात, चार वाक्यांत माझ्यासारख्या सगळ्या बाया. "याला तळटीप म्हणतात. अभ्यासकाला ती फार महत्त्वाची असते."

मी मागची पानं उलटली. जवळजवळ प्रत्येक पानाच्या तळाशी असं काही ना काही होतं.

"सर, एवढे महिने तुम्ही मला वाचून दाखवताय. खालचं एकदाही वाचलं नाहीत."

उत्तर नसलं की शिकलेला माणूसही आमच्यासारखंच बोलतो. "पुस्तक अध्यक्षावर आहे, कौसल्याबाई, तुमच्यावर नाही."

मग माझंही तोंड सुटलं. मी शेजारच्या म्हातारीचं उदाहरण दिलं. तिने जन्मात नोकरी केली नाही, पोरं वाढवली, घर राखलं, आणि इथलं सरकार तिलाही म्हातारपणी पेन्शन देतं. "म्हणजे जमतं की!"

"देश लहान आहे. काळ वेगळा आहे. त्याने तडजोड केली नसती तर अख्खा कायदा पडला असता. मग कुणालाच काही मिळालं नसतं."

"करू दे की तडजोड. त्याला फाशी द्या म्हणत नाही मी. पण ज्यांच्या जिवावर ती केली त्यांना वर घ्या. लोक वरचं वाचतात. तुमच्या अध्यक्षाला आम्ही पायाशी बऱ्या वाटलो आणि तुम्हालाही."

हे शेवटचं बोलायला नको होतं, असं मनीषा म्हणते. मला अजूनही तसं वाटत नाही. आवाज जरा कमी असता तर चाललं असतं.

दुसऱ्या दिवसापासून वाचन बंद. दहा वाजता तुम्ही यायचात, चहा प्यायचात आणि कप स्वतः विसळून ठेवायचात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, मलाच नीट दिसत नाहीये. तळाला चहाचा डाग तसाच, कानाला साबण तसाच. तुम्ही वर गेलात की मी तो पुन्हा घासायचे. रोज. सर, मला सुधारणा पुस्तकात हवी होती. सिंकमध्ये केलीत आणि माझं काम वाढवून ठेवलंत.

मग एका मंगळवारी तुम्ही वही घेऊन आलात. बसला नाहीत. वही उघडून ओट्यावर ठेवलीत, घसा साफ केलात. "कौसल्याबाई, जरा..." आणि मी नळ सोडला. पूर्ण. खाली कुकर होता, त्याच्या झाकणावर पाणी आपटलं आणि उडालं ते थेट तुमच्या पानावर. तुमचं शाईचं पेन. तुम्ही सदऱ्याच्या बाहीने पान टिपलंत, वही मिटलीत आणि वर गेलात. जिन्यावरची पावलं थांबेपर्यंत मी नळ बंद केला नाही.

गुरुवारी सकाळी तुम्ही जॅन्डल, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून दूध आणायला डेअरीत गेलात. इथे कोपऱ्यावरच्या वाण्यालाच डेअरी म्हणतात, याचं तुम्हाला दरवेळी हसू यायचं. परत येताना दुकानाबाहेरच्या बाकावर बसलात आणि तिथेच गेलात. डॉक्टर म्हणाला, हृदय थांबलं, त्रास झाला नसेल. तुमच्या हातातली दुधाची बाटली दुकानवालीने आणून दिली. घरात माणसं जमली होती. मी त्याच दुधाचा चहा केला. दुसरं काय करणार होते?

मला राग कशाचा येतो, सांगू? त्या मंगळवारी तुम्ही काय बोलायला आला होतात, ते मला कधीच कळणार नाही. मी वही तीनदा बघितली. आठव्या प्रकरणापुढे पानं कोरी आहेत. म्हणजे नवीन काही वाचायला आला नव्हता. मग काय? चुकलो म्हणणार होतात? की माझंच कसं चुकतंय ते नीट समजावणार होतात? दोन्ही ऐकलं असतं मी. अख्ख्या देशाची भीती रेडिओवरून घालवणाऱ्या माणसावर तुम्ही पुस्तक लिहिलंत, आणि समोरचा एक नळ तुम्हाला बंद करता आला नाही? हात पुढे करायचा आणि दांडा खाली दाबायचा. मी पुन्हा सोडला नसता. बहुतेक.

आता जे सांगते ते सुहासलाही इथेच पहिल्यांदा कळेल.

पुण्यातल्या एक बाई तुमच्या वहीचे फोटो बघून मजकूर टाइप करताहेत. परवा त्यांचा निरोप आला. आठव्या प्रकरणातल्या एका पानावर पाण्याने शाई फुटलीय. फुली दिसत नाही, रेघ दिसत नाही. घरकाम करणाऱ्या बायांवरची चार वाक्यं वाचता येतात, पण ती तळटीप आहेत की वरच्याच मजकुरातली, ते ठरत नाही. अक्षर बारीक आहे, पण ते पान संपत आलं म्हणूनही असेल. सुहास फोन घेऊन स्वयंपाकघरात आला. "आई, हे सगळं तुम्ही ऐकलंय. वर घ्यायचं की खाली?"

मी कणीक मळत होते. हात थांबवला नाही. म्हटलं, "वर."

"नक्की ना?"

"वर. त्यांनी मला वाचून दाखवलंय."

दोन्ही खोटं. वर नव्हतं, आणि वाचून दाखवलं नव्हतं, भांडण त्याचंच होतं. तीस वर्षं मी लोकांच्या घरात काम केलं, कुणाची साधी टाचणी इकडची तिकडे केली नाही. तुमची चार वाक्यं केली. रात्रभर झोप लागली नाही असं लिहायला बरं दिसलं असतं, पण मला चांगली झोप लागली. तुम्ही असता आणि नाही म्हणाला असता तर मी चिडले असते, बोलले असते, आणि शेवटी ऐकलं असतं. पुस्तक तुमचं आहे. पण नाही म्हणायला तुम्ही थांबलाच नाहीत.

सुहासराव, तुमच्या वडिलांनी ती वाक्यं खाली ठेवली होती. तुम्हाला परत खाली न्यायची असतील तर न्या, तो हक्क तुमचा आहे. फक्त आधी माझ्यासमोर बसून ती एकदा मोठ्याने वाचा. चांगली वाक्यं आहेत. एकही कठीण शब्द नाही त्यांत. तुमच्या वडिलांनीच लिहिलीत.

आणि सर, तुम्ही. उद्या सकाळी दहा वाजता मी ते पान वाचणार आहे. ओट्यापाशी, नळ बंद करून. चहा ठेवणार नाही, कप कोण घासणार? मला वाचायला वेळ लागतो, जोडाक्षरापाशी अडखळते, तेवढं सांभाळून घ्या. तुमच्या खुर्चीसमोर वाटी आणि चमचा ठेवते.

पटलं नाही तर वाजवा.